‘केव्हीएम स्विच, एक नग’ एवढे लिहून भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर लागला की विश्रामबागेतल्या करसल्लागारांच्या आणि सीएंच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, कारण ३० तारखेला कर लेखापरीक्षणाची मुदत असते. अशा अनेक टेबलांवर आता दोन मॉनिटर दिसतात: एकावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल. संगणकही दोन, एक कार्यालयाचा आणि एक लॅपटॉप. दोघांना मिळून कीबोर्ड-माउस एकच, आणि मधे बटण दाबून संगणक बदलणारा केव्हीएम स्विच. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पेढ्यांवरही हीच मांडणी रुळते आहे. मांडणी चांगली आहे. पण ती बिघडली की दोष मॉनिटरवर किंवा मदरबोर्डवर जातो आणि धडधाकट वस्तू बदलल्या जातात. हा खर्च टाळता येतो, म्हणून आम्ही सांगलीतले काही संगणक दुरुस्ती करणारे हे पत्र लिहीत आहोत.

पहिली चूक खरेदीतच होते. दुकानात ‘स्विच’ म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. नुसता एचडीएमआय स्विच फक्त चित्र बदलतो, कीबोर्ड-माउसशी त्याचा संबंध नसतो. स्प्लिटर एकाच संगणकाचे चित्र दोन मॉनिटरवर जसेच्या तसे दाखवतो. विंडोजला तिथे एकच मॉनिटर दिसतो, त्यामुळे सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ (दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रे) शोधून उपयोग नाही. तिसरी वस्तू म्हणजे खरा केव्हीएम. त्यातही एका मॉनिटरचा आणि दोन मॉनिटरचा हे वेगळे प्रकार आहेत. दोन संगणक आणि दोन मॉनिटर असतील तर प्रत्येक संगणकाकडून चित्राच्या दोन केबल स्विचकडे यायला हव्यात, म्हणजे चार. स्विचकडून मॉनिटरकडे आणखी दोन, आणि यूएसबीच्या दोन. इतक्या केबल जोडायला जागा नसेल, तर तो स्विच या कामाचा नाही. डिस्प्लेपोर्टच्या (एचडीएमआयसारखाच चित्राच्या जोडणीचा दुसरा प्रकार) काही जोडण्यांत एका केबलवर दोन मॉनिटर चालतात, पण ते अपवादाचे. मॅकवर तर त्या पद्धतीने दोन्हीकडे एकच चित्र येते.

लॅपटॉपला एचडीएमआय एकच असते, मग दुसरे चित्र कुठून काढायचे? टाइप-सी पोर्ट आहे म्हणून त्यातून चित्र येईलच असे नाही. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो फक्त डेटा आणि चार्जिंगचा असतो. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण बघावी, नाहीतर मॉडेलची माहितीपत्रिका वाचावी. तशी सोय नसेल तर डिस्प्लेलिंक जातीचा यूएसबी अडॅप्टर घ्यावा, त्याचा ड्रायव्हर टाकावा आणि अडॅप्टर थेट लॅपटॉपला लावावा. स्विचच्या यूएसबी पोर्टमध्ये तो खोचू नये. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआयच्या साध्या केबलची दिशाही ठरलेली असते: संगणकाच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलटी लावली तर ती कितीही महाग असली तरी चित्र देणार नाही.

आता सर्वांत जास्त येणाऱ्या तक्रारीकडे. दुसऱ्या संगणकावर जाऊन परत आले की दोन मॉनिटरवर नीट मांडलेल्या सगळ्या खिडक्या एकाच मॉनिटरवर गोळा झालेल्या असतात. कधी एक मॉनिटर काळाच राहतो, कधी डावा-उजवा उलटा होतो. लोक याला व्हायरस म्हणतात, ग्राफिक्स कार्ड गेले म्हणतात. कारण वेगळे आहे.

प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी नोंद साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. निर्माता कोण, मॉडेल कोणते, कोणती रिझोल्यूशन चालतात हे त्यात असते. मूळ नोंद १२८ बाइटची. एचडीएमआय मॉनिटरमध्ये तिला सहसा १२८ बाइटची आणखी एक पुरवणी जोडलेली असते. संगणक ही नोंद केबलमधल्याच दोन तारांवरून वाचतो. शिवाय एचडीएमआयच्या १९ व्या पिनवर ‘मॉनिटर जोडलेला आहे’ एवढेच सांगणारा संकेत येत राहतो. साधा स्विच बटण दाबल्याबरोबर आधीच्या संगणकाकडे जाणाऱ्या या सगळ्या तारा तोडतो. संगणकाच्या दृष्टीने कुणीतरी दोन्ही केबल उपटल्या. तो लगेच मॉनिटर यादीतून काढतो आणि खिडक्या उरलेल्या पडद्यावर ढकलतो. परत आल्यावर तो ओळख नव्याने सुरू करतो. जो मॉनिटर आधी जागा होतो त्याला आधी मोजले जाते, आणि उशिरा जागा होणारा कधी सुटतोच. जुन्या व्हीजीएच्या स्विचला हा त्रास क्वचित व्हायचा, कारण व्हीजीएमध्ये असा जोडणीचा संकेत देणारी पिनच नाही. ‘जुना स्विच बरा होता’ असे लोक म्हणतात, ते यामुळे खरे वाटते.

याला पक्का इलाज: ज्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतंत्र ईडीआयडी इम्युलेशन आहे, तो घेणे. असा स्विच मॉनिटरची नोंद स्वतःजवळ ठेवतो आणि बटण दुसऱ्या संगणकावर असतानाही पहिल्याला ‘मॉनिटर आहे’ हेच सांगत राहतो. एचडीएमआयच्या स्विचमध्ये ही सोय बऱ्यापैकी मिळते, डिस्प्लेपोर्टच्या स्विचमध्ये कमी. स्विच आधीच घेऊन झाला असेल तर संगणक आणि स्विच यांच्या मधे बसणारे पास-थ्रू ईडीआयडी इम्युलेटर मिळतात. ते चित्राच्या प्रत्येक केबलला एक लागतात, म्हणजे दोन संगणक आणि दोन मॉनिटरना चार. दोनच लावून ‘अर्धा फरक पडला’ अशी तक्रार करू नये. बाजारात डमी प्लग नावाची वस्तू असते ती ही नव्हे. तिच्यातून चित्र पुढे जात नाही.

खर्च करण्याआधी काही गोष्टी फुकटात करून पाहाव्यात. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज असे गेले की ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ हा पर्याय दिसतो. तो चालू ठेवावा. त्याच्या खालचा, मॉनिटर सुटल्यावर खिडक्या मिनिमाइझ करण्याचा पर्यायही चालू ठेवावा. विंडोज १० मध्ये हे दोन्ही नाहीत, आणि तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मॉनिटरच्या मेनूत इनपुट ‘ऑटो’ असेल तर ते काढून एचडीएमआय-१ किंवा जे वापरता ते पक्के करावे. नाहीतर संकेत क्षणभर गेला की मॉनिटर दुसरीकडे शोधत बसतो. ‘डीप स्लीप’ असेल तर बंद करावे. पडदा काळा राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामे बंद होत नाहीत. सकाळी चालू करताना आधी मॉनिटर, मग स्विच, शेवटी संगणक हा क्रम पाळावा.

निदान करताना मात्र क्रम सोडू नये. सर्वप्रथम स्विच बाजूला ठेवून दोन्ही मॉनिटर थेट एका संगणकाला लावावेत. तिथेच दोन चित्रे येत नसतील तर स्विचचा दोष शोधणे व्यर्थ आहे. बहुतेकदा एक केबल ग्राफिक्स कार्डात आणि दुसरी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली सापडते. कार्ड बसवल्यावर बऱ्याच संगणकांत मदरबोर्डचा पोर्ट बंद होतो, तो बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून) चालू करावा लागतो. त्यापेक्षा दोन्ही केबल कार्डातच लावणे सोपे. थेट जोडणी चालली की मग स्विच मधे घ्यावा, पण आधी एकच मॉनिटर. तो चालला की दुसरा. दोष दिसताच फक्त एक केबल बदलावी आणि पाहावे. दोष केबलबरोबर सरकला तर केबल खराब. स्विचच्या त्याच पोर्टावर राहिला तर पोर्ट. दोन्ही बदलूनही त्याच संगणकावर राहिला तर संगणक. एकदम तीन केबल बदलल्या तर चित्र येते, पण कारण हाती लागत नाही.

केबलची लांबी दोन्ही तुकड्यांची मिळून मोजायची असते. संगणक ते स्विच दोन मीटर आणि स्विच ते मॉनिटर तीन मीटर म्हणजे पाच मीटर, शिवाय मधल्या जोडांची घट. १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर हे बहुधा निभावते. फोर-केला याच लांबीवर चमकणे, ठिपके येणे, सेकंद-दोन सेकंद काळोख हे सुरू होते. फोर-के ६० हर्ट्झवर हवे असेल तर संगणकाचा पोर्ट, स्विच, केबल आणि मॉनिटर ही चारही एचडीएमआय २.० ची लागतात. मधे एक जरी १.४ चे असले तरी ३० हर्ट्झच मिळते आणि माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलमध्ये २० वी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती तशी नसावी. तिच्यातून मॉनिटरची वीज संगणकात शिरते आणि संगणक बंद केल्यावरही त्याचे दिवे मिणमिणतात किंवा तो चालूच होत नाही.

जुने व्हीजीए मॉनिटर चांगले चालत असतील तर ते वापरू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. पण एचडीएमआयचे व्हीजीए करणारा कन्व्हर्टर, पुढे जुना स्विच आणि त्यापुढे पातळ केबल अशी साखळी केली की रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकते. स्वस्त व्हीजीए केबलमध्ये १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांना तारच नसते, आणि मॉनिटरची नोंद त्याच दोन पिनांवरून येते. केबल बदलली की बरेचदा प्रश्न सुटतो.

कीबोर्ड-माउसचे दुखणे वेगळे. स्विचवर कीबोर्डची खूण असलेला पोर्ट आणि साधा यूएसबी पोर्ट हे सारखे नसतात. खुणेच्या पोर्टात साधा कीबोर्ड लावला तर स्क्रोल लॉक दोनदा दाबून संगणक बदलता येतो. काही मॉडेलमध्ये ती कळ कंट्रोल असते. जादा कळांचा, दिव्यांचा कीबोर्ड तिथे बरेचदा ओळखला जात नाही, तो साध्या पोर्टात लावून बटणानेच संगणक बदलावा. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलायची कळ स्क्रोल लॉक ठेवलेली असेल तर टाइप करता करता अचानक दुसरा संगणक समोर येतो! दोन्हींपैकी एकीची कळ बदलावी. वायरलेस माउसचा डोंगल यूएसबी ३.० पोर्टाला चिकटून असेल तर माउस उड्या मारतो, कारण त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो. वीतभर एक्स्टेन्शन लावून डोंगल दूर न्यावा. स्विच फक्त यूएसबीच्या विजेवर चालवू नये, यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि त्यात स्विच, कीबोर्ड, माउस, वेबकॅम सगळे भागत नाही. सोबतचा ५ व्होल्टचा अडॅप्टर लावावाच.

आणि डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर स्विचवर कधीही लावू नयेत. बटण दाबताच ते संगणकापासून सुटतात. सही अर्धवट राहते, प्रिंट मधेच थांबते, आणि मुदतीच्या रात्री पोर्टलला दोष दिला जातो. टोकन ज्या संगणकावरून सही करायची त्याच्या मागच्या पोर्टात थेट असावा.

अर्थिंगबद्दल दोन वाक्ये लिहिणे आम्हाला फार गरजेचे वाटते. एक संगणक एका बोर्डावर, दुसरा भिंतीच्या पलीकडच्या बोर्डावर आणि त्यातल्या एकाला अर्थच नाही, अशी स्थिती असेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि चालू यंत्रांत एचडीएमआय खोचताना ठिणगी पडून पोर्ट जळू शकतो. दोन्ही संगणक, दोन्ही मॉनिटर आणि स्विच एकाच यूपीएस किंवा एकाच अर्थ केलेल्या बोर्डावर घ्यावेत, न्यूट्रल आणि अर्थ यांतले व्होल्टेज वायरमनकडून मोजून दोन-तीन व्होल्टच्या आत आणावे, आणि केबल लावताना भिंतीवरची बटणे बंद ठेवावीत.

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाले की तळमजल्यावरचे सामान वर हलवावे लागते. २०१९ आणि २०२१ सांगलीकर विसरलेले नाहीत. उचलण्याआधी आठही केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर ‘संगणक १ डावा’, ‘संगणक १ उजवा’ असे लिहावे आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा. पहिल्या संगणकाची डावी केबल दुसऱ्याच्या उजव्या पोर्टात गेली तर दोन्ही संगणक अर्धे-अर्धे दिसतात, आणि अशा जोडणीचा दोष सापडायला वेळ लागतो.

शेवटी शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती यांना विनंती. कोटेशन मागवताना ‘केव्हीएम स्विच, एक नग’ एवढेच लिहिले जाते आणि सर्वांत स्वस्त वस्तू येते. त्याऐवजी असे लिहावे: दोन संगणक व दोन मॉनिटरसाठी, दोन्ही मॉनिटर एक्स्टेंड पद्धतीने चालणारा, प्रत्येक पोर्टला स्वतंत्र ईडीआयडी इम्युलेशन असलेला, ५ व्होल्ट अडॅप्टर व सर्व केबलसह, प्रत्यक्ष जोडून, दोन्ही मॉनिटरवर खिडक्या उघडून, वीस वेळा संगणक बदलून दाखवल्यानंतर बिल मंजूर.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक,
सांगली