सिस्टर, सिरिंजने भरवायला शिकवलंत, त्याबद्दल आभार

प्रिय सिस्टर,
स.न.वि.वि.

तोंडाच्या ऑपरेशननंतर 'पातळ आहार द्या' एवढं कागदावर सगळेच लिहितात. तो पोटात जायचा कसा, हे तुम्ही सिरिंज हातात घेऊन दाखवलंत. भरवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

तुमची जोडणी साधी. 50 मि.लि.ची, लांब निमुळत्या टोकाची सिरिंज आणि त्यावर मऊ सिलिकॉनची नळी. ती टोकावर दीड-दोन सेंटिमीटर घट्ट चढवायची आणि दर वेळी ओढून बघायची, हे तुम्ही बजावत राहिलात ते बरं झालं. नळी तोंडात सुटली तर थेट श्वास अडकायची भीती. कापलेली कड खरखरीत असेल तर टाक्यांना लागते, तेही तुमच्यामुळेच लक्षात आलं.

जबडे तारेने बांधलेले असतील तर नळी गाल आणि दात यांच्यामधून मागे न्यायची. शेवटच्या दाढेमागच्या फटीतून अन्न आत उतरतं. जिभेचं ऑपरेशन असेल तर चांगल्या बाजूने. रुग्ण ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, एका वेळी 5 ते 10 मि.लि. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा घोट.

दट्ट्याबद्दल मात्र तुमच्याशिवाय कुणी बोलत नाही. तेलातुपाने त्याचं रबर फुगतं, दट्ट्या अडतो, आपण जोर लावतो आणि तो सुटला की सगळं एकदम घशात! अडायला लागली की सिरिंज बदलायची. गुठळीनेही हेच होतं, म्हणून बारीक गाळणीतून दोनदा गाळणं.

स्ट्रॉ तुम्ही बंद केलात. चोखताना टाक्यांवर ताण येतो. बधिर ओठांना चटका कळत नाही, म्हणून आधी थेंब आपल्या मनगटावर. ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर भरवणं तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं. भरवून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं.

एक विनंती. वॉर्डात तक्ता लावाल तेव्हा नळी सिरिंजच्या टोकापुढे किती लांब ठेवायची ते रुग्णागणिक मोजून लिहा. गोंधळ तिथेच होतो: लांब राहिली तर टोक घशाला लागून उबळ येते, आखूड राहिली तर अन्न ओठांतूनच बाहेर ओघळतं.

आपले,
रुग्णांना भरवणारे आम्ही सगळे