तो कागद तुम्ही माझ्याकडे फिरवलात

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण तुम्ही मला तुमच्या काजूच्या कारखान्यात काम दिलंत, म्हणून हे पत्र मात्र उघड लिहिते आहे. माझ्याबद्दल जे वाईट बोललं गेलं ते आठ महिने फोनवर, माझ्या माघारी बोललं गेलं. तुमच्याबद्दलचं चांगलं तरी चारचौघांत बोललं जावं.

तुम्ही घाटावरून कुडाळात आलात, म्हणून आमच्याकडची रीत थोडी सांगते. काजूच्या धंद्यात सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. कोणी बी कितीला घेतली, कोणाचा माल परत आला, हे संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालेलं असतं. इथे अनुभवाचं प्रमाणपत्र सहसा कोणी मागत नाही. एक फोन जातो, ‘तुमच्याकडे होती ना ती, कशी आहे?’ पलीकडचा जे सांगेल त्यावर माणसाचं पोट ठरतं.

मी माझ्या जुन्या मालकांच्या कारखान्यात सहा वर्षं होते. सुरुवात बी फोडण्यापासून केली. टरफलातल्या तेलाने बोटांची सालपटं निघायची, घरी भाकरी थापताना हात चुरचुरायचे. मग सोलाई, म्हणजे गरावरची साल काढणं, मग ग्रेडिंग, म्हणजे गर आकाराप्रमाणे निवडणं, आणि शेवटची दोन वर्षं सुपरवायझर. एका पौंडात २२० ते २४० गर बसले की तो दोनशे चाळीस, ३०० ते ३२० बसले की तीनशे वीस. हे मला मोजून बघावं लागत नाही, मूठ भरली की कळतं. पाकळी कुठली, तुकडा कुठला, करपट कुठला, हे माझ्या बोटांना झोपेतही कळेल. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण एवढंच माझं शिक्षण आहे.

मी तिथून का निघाले ते तुम्हाला माहीत आहे. सोलाईच्या बायकांना किलोवर पैसे मिळतात. त्यांचं वजन वहीत कमी लिही असं मला सांगण्यात आलं, आणि मी ते लिहिलं नाही. नोव्हेंबरात घरी बसले.

डिसेंबरात एका ठिकाणी बोलणं झालं. पगार ठरला, सोमवारपासून या म्हणाले. रविवारी फोन आला, ‘सध्या नको, कळवतो.’ मार्चमध्ये सीझन सुरू झाला. सगळीकडे माणसं कमी पडतात अशा वेळी दुसऱ्या ठिकाणी गेले. त्यांनी तर कळवतोसुद्धा म्हटलं नाही, फोन उचलणंच बंद केलं. मी गेटवर जाऊन उभी राहिले तेव्हा वॉचमनने सांगितलं, ‘ताई, तुमच्या जुन्या मालकाशी शेठचं बोलणं झालं.’ काय बोलणं झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या वॉचमनचेही मी आभार मानते. निदान त्याने मान तरी फिरवली नाही.

ते दोघे शेठ मला चांगले ओळखत होते. एकाने तर आमच्या कारखान्यात येऊन माझ्या हातचा माल बघून ‘ही ग्रेडिंग कोण करते?’ असं विचारलं होतं. तरी दोघांपैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही. मालकाने मालकाचं ऐकायचं, झालं. मला आजही त्याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. माझ्या पीएफच्या पासबुकात ७२ महिने ओळीने दिसत होते. खरंच काही गैर करणारी बाई कोणी ७२ महिने ठेवून घेतो का, एवढा तरी विचार करायचा. पाच वर्षं झाल्यावर कायद्याने मिळायची ग्रॅच्युइटीही मला अजून मिळालेली नाही, पण तो विषय आज या पत्रात नको.

घरात तर त्याहून वाईट. आमचे हे मालवणला ट्रॉलरवर आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने तिकडूनही काही नाही. नात्यातल्या एकीने आईला तोंडावर विचारलं, ‘काय तरी केल्याशिवाय असा कोण बोलतला?’ आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘गो बाय, रडतंस कित्याक? तुजा काय चुकला नाय.’ पण मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपलं काहीतरी चुकलं असेल. रात्री उठून मी जुन्या महिन्यांची वजनं आठवायची. आपल्याबद्दल नक्की काय सांगितलंय हेच माहीत नसेल तर माणूस उत्तर कुणाला आणि कशाचं देणार?

जुलैच्या शेवटी तुमच्याकडे काम मागायला आले तेव्हा पाऊस कोसळत होता. छत्रीचं पाणी तुमच्या टेबलापर्यंत ओघळलं होतं. मी उत्तर आधीच ठरवून आले होते. तुम्ही ‘कळवतो’ म्हणणार, मी ‘बरं’ म्हणणार आणि अकराची एसटी पकडणार.

तुमच्यासमोर एक पाठकोरा कागद होता. त्यावर निळ्या शाईत तीन वाक्यं. तुम्ही तो कागद बोटाने फिरवून माझ्याकडे केलात. ‘हे मला काल तुमच्या जुन्या मालकांनी फोनवर सांगितलंय. वाचा. खाली जागा आहे, तुमचं म्हणणं लिहा.’ पेनचं टोपण काढून पेन कागदावर ठेवलंत, आणि ‘मी चहा सांगून येते’ म्हणून उठून बाहेर गेलात.

‘हिशेबात गडबड. उलट बोलते. घेऊ नये.’

आठ महिन्यांत ती वाक्यं मी पहिल्यांदा वाचली. वाचून हात थरथरले, पण खरं सांगू का मॅडम, बरंही वाटलं. एवढंच होतं तर. याला उत्तर देता येतं. तुम्ही समोर बसला असतात तर मला नुसतं रडायला आलं असतं. तुम्ही उठून गेलात म्हणून मी लिहू शकले. आणि खाली अर्धं पान तुम्ही मोकळं सोडलं होतंत. त्यांची वाक्यं वर आहेत तेवढीच जागा मलाही, हे मी तिथे बसून बघत होते. ग्रेडिंगची परीक्षा, पगाराचं बोलणं, बाकी सगळं नंतर झालं. माझ्या मनात तो कागद फिरताना झालेला आवाज राहिला आहे.

मी चार ओळी लिहिल्या आणि सोलाईच्या तीन बायकांचे नंबर दिले. ज्यांचं वजन होतं त्यांनाच विचारा, असं लिहिलं. तुम्ही त्यांना संध्याकाळी सातनंतर फोन केलात, कामावर असताना नाही. त्यांना अडचण नको, हे तुमच्या लक्षात आलं, मला सांगावं लागलं नाही. त्या तिघींना दुसऱ्या दिवशी त्याच कारखान्यात जायचं होतं, तरी त्यांनी जे होतं ते सांगितलं. त्यांचीही नावं मी लिहीत नाही, पण हे पत्र त्यांचंही आहे. मग तुम्ही जुन्या मालकांना पुन्हा फोन लावून विचारलंत, कोणत्या महिन्यात, किती किलोची गडबड? ‘सोडा हो, तुमचं तुम्ही ठरवा,’ एवढंच उत्तर आलं. हा प्रश्न आधीच्या दोघांपैकी कोणीही विचारू शकला असता. त्याला दोन मिनिटं लागली असती.

आमच्या वाडीतल्या दुकानदाराने मासेमारी बंद असलेल्या त्या दोन महिन्यांत उधारीची वही एकदाही पुढे केली नाही. मी दुकानात गेले की तो वजनकाट्याकडे बघायचा, माझ्याकडे नाही, म्हणजे मला लाजायला नको. अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही आणि त्यांना ते लागतही नाही. तुम्हीही त्यातल्याच, म्हणून कदाचित हे वाचून तुम्हाला अवघडायला होईल. त्याबद्दल माफ करा.

तो कागद तुम्ही माझ्या फाइलला लावलाय, त्यांचं लिहिणं न खोडता, हे मी परवा पाहिलं. तसाच असू द्या.

आईने मे महिन्यात काढलेलं कोकमाचं आगळ तुमच्यासाठी एका बाटलीत वेगळं ठेवलंय. शनिवारी घेऊन येते. मिठाचं प्रमाण जास्त आहे, सोलकढी करताना वरून मीठ घालू नका.

तुमची,
ग्रेडिंग टेबलावरची ताई