फूटपाथवरच्या माणसांसाठी कायमचे पथक नेमा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

फोर्टमध्ये डॉ. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानींखाली गेल्या पावसाळ्यापर्यंत एक बाई बसत असे. तिच्या उजव्या घोट्यावर जुनी, चिघळलेली जखम होती आणि भर उन्हाळ्यातही अंगात दोन स्वेटर असत. मी निवृत्त परिचारिका आहे. बँकेच्या कामासाठी त्या भागात जाणे होई, म्हणून एकदा जवळ जाऊन मलमपट्टी करू का असे विचारले, तर तिने दगड उचलला. त्यानंतर मी रोज ठरलेल्या वेळी जाऊन चार हात अंतरावर नुसती बसू लागले. अकराव्या दिवशी तिने पाय पुढे केला. ती तेलुगू बोलते, हे मला शेजारच्या चहावाल्याने सांगितले. ती काय खाते, कशाला घाबरते, रात्री कोणत्या आडोशाला जाते, हे सगळे त्याला ठाऊक होते. महिनाभरात जखम भरत आली आणि एका सकाळी ती जागेवर नव्हती. रात्री गाडी आली, माणसे नेली, सामानही उचलले, एवढेच कळले. तिला कुठे नेले, हे तीन ठिकाणी चौकशी करूनही मला समजू शकले नाही.

त्या गाडीबरोबर आलेल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना रस्ता मोकळा करण्याचे काम दिले होते आणि ते त्यांनी केले. मात्र अशा मोहिमेत उचललेल्या बोचक्यात काय असते, याचा विचार कोणी करत नाही. त्यात आधार कार्ड असते, रेशन कार्ड असते, रुग्णालयाचा केसपेपर असतो, क्षयरोगाच्या गोळ्या असतात. क्षयाचे साधे उपचारसुद्धा साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागतात. गोळ्या आणि कागद दोन्ही एका रात्रीत गेले, तर तो रुग्ण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि कधी कधी त्याहूनही वाईट अवस्थेत येतो.

पोलिसांनी आणलेल्या अशा रुग्णांच्या केसपेपरवर नावाच्या जागी ‘अननोन’ लिहिलेले मी नोकरीत असंख्य वेळा पाहिले. जखमेतले किडे काढणे, सलाइन लावणे, ताप उतरवणे हे सारे आम्ही मनापासून करत असू. पण खाट रिकामी करायची वेळ आली की या माणसाला कोणाच्या हवाली करायचे, याचे उत्तर वॉर्डात कोणाकडेच नसे, आणि पुष्कळदा तो ज्या फूटपाथवरून आला त्याच फूटपाथवर परत जाई. ही खंत मी निवृत्तीनंतरही बाळगून आहे.

वास्तविक कायद्याने हे उत्तर देऊन ठेवले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 100 नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती रस्त्यावर भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो, आणि दाखल करण्याची गरज नसल्यास तिला बेघरांसाठीच्या शासकीय निवाऱ्यात पोहोचवावे लागते. निवारा मात्र असायला हवा. शहरात दर लाख लोकसंख्येमागे बारा महिने, चोवीस तास उघडा असा एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावले होते. 2011 च्या जनगणनेतील सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्या धरली तरी मुंबईत 124 निवारे हवेत, आणि प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. त्याच जनगणनेत या शहरात सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले होते. रात्री गल्लीबोळांत आणि पुलांखाली झोपणारी सगळीच माणसे त्या मोजणीत आली असतील, असे मला वाटत नाही.

तरीही माझे मुख्य सांगणे इमारतींविषयी नाही. माणूस गाडीला घाबरतो, ओळखीच्या चेहऱ्याला घाबरत नाही. भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा देणारा 1959 चा कायदा ज्यांनी अंगावर झेलला आहे, त्यांना गणवेश दिसला की पळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून रोज तीच माणसे, त्याच रस्त्याने, पायी फिरतील असे पथक हवे. कोलकात्यातील ‘ईश्वर संकल्प’ ही संस्था 2007 पासून फूटपाथवरच मनोरुग्णांवर उपचार करते. डॉक्टर आणि कार्यकर्ते रस्त्यावर येतात आणि परिसरातील चहावाले, दुकानदार यांनाच रुग्णाच्या जेवणाकडे व औषधाकडे लक्ष देण्यासाठी तयार केले जाते. माझ्या त्या चहावाल्याने हे काम किती सहज केले असते! आपल्याकडेही कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरे करून देशभरातील त्यांच्या घरी पोहोचवले, आणि केंद्राचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिरांबाहेर बसणाऱ्या याचकांना तिथेच जाऊन तपासतात. ज्ञान आणि अनुभव आपल्या राज्यातच आहे. महापालिकेने तो आपल्या यंत्रणेत आणलेला नाही.

सुरुवात महापालिकेच्या एकट्या ए विभागापासून, म्हणजे फोर्ट ज्यात येतो त्या विभागापासून करावी. त्या पथकात दोन समाजकार्यकर्ते, एक परिचारिका आणि आठवड्यातून एकदा येणारे मनोविकारतज्ज्ञ असावेत. तेलुगू, बंगाली, ओडिया बोलणाऱ्या दुभाष्यांचे फोन क्रमांक त्यांच्याजवळ असावेत आणि किमान एक फेरी रात्री दहानंतर व्हावी. निवाऱ्यातल्या काही खाटा त्यांच्या चिठ्ठीवर मिळाव्यात आणि रुग्णालयातून बेघर रुग्णाला सोडण्याआधी त्यांना कळवणे बंधनकारक असावे. अतिक्रमणविरोधी कारवाईची सूचनाही त्यांना आधी मिळाली, तर कागदपत्रे आणि औषधे तरी वाचवता येतील. फूटपाथवर झोपणारे पुष्कळजण दिवसा हमाली, बिगारी किंवा केटरिंगचे काम करतात. त्यांना उपचारांपेक्षा अंघोळीची सोय, सामान ठेवायला कुलपाची पेटी आणि ओळखपत्र यांची गरज असते, आणि हा फरक रोज भेटणाऱ्यालाच कळतो.

असे पथक नेमले गेले, तर जखमा धुण्यासाठी आठवड्यातून तीन सकाळी यायला मी तयार आहे. माझ्याबरोबर काम केलेल्या आणखी दोन परिचारिकांनीही तसे सांगितले आहे. त्या चहावाल्याशीही मी बोलले आहे. ती बाई परत आली तर तो मला कळवणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, गिरगाव, मुंबई