सूचना : बंद ठेवलेले जुने संगणक सुरू करण्यापूर्वी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सांगलीच्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेले जुने संगणक, विशेषतः २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेल्या घरांतील यंत्रे, थेट वीज जोडून सुरू करू नयेत. ३८६ व ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातील अनेक मदरबोर्डांवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डांवर) ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती कालांतराने पाझरते आणि तिच्यातील अल्कली कीबोर्डच्या सॉकेटजवळचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. तेथे हिरवट-पांढरी पूड दिसताच बॅटरी कापून काढावी, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. हे काम कृपया लांबणीवर टाकू नये, कारण तुटलेला मार्ग तारेने जोडता येतो, पण बोर्डच निकामी झाल्यास तसा दुसरा आता सहजासहजी मिळत नाही.

पॉवर सप्लाय (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मात्र कोणीही एकट्याने उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब काही काळ राहू शकतो. असे सप्लाय येत्या रविवारच्या बैठकीत आणावेत, तेथे अनुभवी सभासदांसमोर ते तपासले जातील. कॅबिनेटचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून सोबत ठेवावेत.