पेडलला बूट अडकवायचे उद्योग

मन्या,

फोनवर तू विचारलंस तेव्हा "लिहून कळवतो" म्हटलं, कारण हे प्रकरण तोंडी सांगण्यासारखं नाहीये. क्लीटवाले शूज (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) आणि त्यांचं पेडल विकत न घेता सायकलच्या पेडलला पाय कसा अडकवायचा यावर अख्खा पावसाळा माझे उद्योग चालू होते, घरचे तर आता विचारायचे पण बंद झालेत.

जुनी ट्यूब कापून पेडलवर रिंग चढवायचा जुगाड सगळेच करतात. फुकटात होतो, तेवढंच त्याचं कौतुक. रबर ताणतं, कात्रजच्या घाटात उभं राहून जोर लावला की बूट सरकतोच, आणि काढायचा तर सरळ मागे ओढायचा. रिक्षा आडवी आल्यावर मागे ओढायचं सुचतं का कुणाला? जुन्या टो-क्लिपचं (बोटांपुढचा पिंजरा आणि पट्टा) पण हेच दुखणं, पट्टा करकचून आवळला की हाताने बकल सैल केल्याशिवाय सुटका नाही.

मग मॅग्नेट. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधले काढून सोलमध्ये बसवले, पेडलवर लोखंडी पट्टी. धरतं रे मस्त! पण संध्याकाळी बूट उलटा केला तर खाली लोखंडाच्या भुग्याची दाढी, स्टेपलच्या पिना आणि एक गंजका वॉशर. वर हे मॅग्नेट ठिसूळ, जिन्यात आपटून एक तडकला पण.

खरी गोम किती घट्ट धरतं यात नाहीच, कुठल्या बाजूला सोडतं यात आहे. १९७१ ला चिनेली या इटालियन कंपनीने बूट थेट अडकणारं पेडल काढलं होतं पण सोडवायला खाली वाकून हाताने खटका सरकवायचा, म्हणजे पडायचीच सोय, लोकांनी मग त्याला नावं पण तशीच ठेवली. लूक या फ्रेंच कंपनीवाले मूळचे स्कीचे बाइंडिंग (बूट स्कीला धरणारा खटका) बनवणारे, पाय पिरगळला की स्की सुटली पाहिजे हे त्यांना आधीच माहीत, १९८४ ला त्यांनी तेच पेडलला लावलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्यावर टूर द फ्रान्स जिंकला. टाच बाहेर वळवायची, बास.

म्हणून मी बॅगेचा रुंद नायलॉन पट्टा घेतला आणि पेडलवर तिरका बांधला, एक टोक पुढच्या कोपऱ्यात, दुसरं त्याच्या तिरकं समोर मागच्या. टाच बाहेर ठेवून पाय घालायचा, टाच आत आणून सरळ केला की पट्टा आपोआप आवळतो, बाहेर वळवली की सैल. कोपऱ्याच्या मोच्याकडून डबल शिलाई मारून घेतली, त्याने आरी घालताना एकदा पट्ट्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं फक्त. लांबी मात्र तू तुझ्या बुटावरच ठरव, चवड्याचा फुगीर भाग बरोबर पेडलच्या अ‍ॅक्सलवर (मधल्या दांड्यावर) आला पाहिजे, बोटं पुढे गेली की गुडघे बोंबलतात.

आणि एक, मऊ सोलचे रनिंग शूज नकोत, पट्टा कितीही भारी असला तरी सोल वाकतो आणि तळवा दुखतो. तुझे ते कॉलेजचे कडक तळाचे बूट अजून असतील तर तेच काढ.

पेडल काढायला १५ चा पाना लागेल, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावत बसू नकोस. पट्टा उरलाय माझ्याकडे, बुटाची रुंदी मोजून कळव, शिवून कुरिअर करतो.

तुझा,
बंड्या