तो नुसता पोटमाळा नव्हता

नाझींपासून लपून रोजनिशी लिहिणारी ज्यू मुलगी अ‍ॅन फ्रँक हिचे कुटुंब 'पोटमाळ्यावर' राहिले होते, असे आपल्याकडे सर्रास छापले जाते. खरे तर अ‍ॅम्स्टरडॅममधील प्रिन्सेनग्राख्ट २६३ या कचेरीमागचे ते काही मजली घर होते. पोटमाळा त्याचा एक भाग. ६ जुलै १९४२ला फ्रँक कुटुंब तिथे गेले, नोव्हेंबरपर्यंत माणसे आठ झाली.

जर्मनांपासून लपवलेल्या सायकलींसाठी घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे या घराच्या दारापुढे बिजागऱ्यांवर फिरणारे फायलींचे कपाट बसले. दार ठेंगणे, त्यामुळे सगळ्यांच्या कपाळाला टेंगळे आली! शेवटी चौकटीवर लाकडाचा भुसा भरलेले फडके ठोकले.

खाली गोदामात कामगार असेपर्यंत पायांत बूट नाहीत, संडासात पाणी सोडणे नाही. नळ वाजला तरी पंचाईत. आठ जणांचे रेशन बाहेरून मिळवलेल्या कुपनांवर. मे १९४४मध्ये ओळखीच्या भाजीवाल्याला घरात दोन ज्यू लपवल्याबद्दल अटक झाली आणि बटाट्यांचीही ओढाताण सुरू झाली. ४ ऑगस्टला धाड पडली. आठांपैकी नाझी छळछावण्यांतून परतले ते एकटे अ‍ॅनचे वडील, ओटो फ्रँक.

– एक वाचक, पुणे