नॉमिनीचे नाव पावतीवर छापा

माननीय संपादक महोदय,

थोरल्या भावाच्या निधनानंतर लोखंडी पेटीच्या तळाशी त्याच्या आयुर्विम्याचा बॉण्ड सापडला. हप्ता एकही चुकला नव्हता, पावत्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. पण नॉमिनी म्हणून नाव होते आमच्या आईचे, आणि आई तर अकरा वर्षांपूर्वीच गेली होती. नॉमिनी हयात नसला की रक्कम कायदेशीर वारसांकडे जाते. ते वारस कोण हे सिद्ध करण्यासाठी वहिनींना, घरात सुतक संपते न संपते तोच, विशेष नोटरीसमोर डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण हे नोंदवणारा दस्तऐवज) करण्यापासून सगळे सोपस्कार करावे लागले. पैसे हाती आले ते आठ महिन्यांनी.

भावाच्या एका अर्जाने हे सगळे टळले असते. विमा कायदा, 1938 च्या कलम 39 नुसार पॉलिसीची मुदत पूर्ण होण्यापूर्वी पॉलिसीधारक केव्हाही नॉमिनी बदलू शकतो, त्यासाठी जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही, आणि बदल नोंदवल्याची लेखी पोच विमा कंपनीने द्यायची असते. आपल्याकडे मात्र 'एजंट बघून घेईल' म्हणून माणसे निर्धास्त राहतात. एजंट कितीही भला असला तरी पॉलिसीचा मालक तो नव्हे. नॉमिनी नेमणे, पॉलिसीवर कर्ज काढणे, ती दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करणे किंवा नियमानुसार सरेंडर करणे, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे घेणे, हे अधिकार पॉलिसीधारकाचेच आहेत. नवी पॉलिसी हाती आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ती 30 दिवसांत परतही करता येते.

गोव्यात आणखी एक समज आढळतो. इथल्या नागरी कायद्याने पत्नीला अर्धा वाटा मिळतोच, मग नॉमिनीचे एवढे काय, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. पण दावा दाखल होताच कंपनी आधी बॉण्डवरचे नाव पाहते. 2015 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी म्हणून नेमलेले आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना कायदा रकमेचे लाभधारक, म्हणजे ती रक्कम स्वतःसाठी मिळण्याचे हक्कदार, मानतो, त्यामुळे लग्नानंतर, मूल झाल्यावर किंवा नॉमिनीच्या मृत्यूनंतर ही नोंद तपासून घेणे अगत्याचे आहे.

विमा कंपन्यांना माझी विनंती एवढीच, की हप्त्याच्या प्रत्येक पावतीवर नॉमिनीचे नाव ठळक छापावे. आई गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत भावाने दर वर्षी पावती हातात घेतली. तिच्यावर आईचे नाव दिसले असते, तर त्याच आठवड्यात तो शाखेत जाऊन अर्ज भरून आला असता.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा